उजाड म्हणून नोंदलेला कातळ

मामा सर्वेक्षण खात्यात सगळ्यांचेच मामा होते. पण त्या सकाळी त्यांच्याबरोबर कातळ चढत होती ती त्यांची सख्खी भाची. वनस्पतिशास्त्र शिकून त्याच खात्यात नुकतीच लागलेली आणि तोंडाची भलतीच फटकळ.

काम तसं अर्ध्या तासाचं. बारा वर्षांपूर्वी मामांनीच नकाशात या कातळाची ‘उजाड खडक, वनस्पती नाही’ अशी नोंद केली होती. आता इथे दगडखाण यायची होती. त्याआधी जागेवर जाऊन ‘नोंद कायम’ अशी सही करायची, की झालं. पुढच्याच महिन्यात मामा मुख्य सर्वेक्षक होणार होते, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

भाचीने खांद्यावरची पाइपाची चौकट खडकावर टेकवली. लांबी एक मीटर, रुंदी एक मीटर.

“मामा, खाली बसा.”

“आधी माझ्या गुडघ्यांना विचार.”

“त्यांचं मी बघते. बसा हो!”

मामा कुरकुरत बसले, चष्मा पुसून ओणवे झाले, आणि बघतच राहिले. खळग्यातल्या बोटभर पाण्यात नखाएवढी जांभळी फुलं दाटीवाटीने उभी होती. त्यांच्या बुडाशी लाल, केसाळ पानं. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट.

“खडकात पोट भरत नाही, म्हणून किडे खातं ते,” भाची म्हणाली.

मामा मोजू लागले. अकरा जाती. सतरा. आता संपलं म्हणावं, तर गवताच्या काडीआडून आणखी कुणीतरी डोकं वर काढायचं. सव्विसावर त्यांना एकदम भरून आलं. उभ्या नोकरीत त्यांनी एवढ्याशा जागेत एवढं काही पाहिलं नव्हतं.

“मी आलो तेव्हा इथे काडीसुद्धा नव्हती गं.”

“कधी आला होतात?”

“भर उन्हाळ्यात. तेव्हा चालायला सोपं...” मामांनी जीभ चावली.

म्हणजे तेव्हाही सगळं इथेच होतं, धुळीत बी होऊन निजलेलं, आणि ते त्यावरून बूट वाजवत गेले होते. भाचीने पिशवीतून नोंदीचा फॉर्म काढून त्यांच्यापुढे धरला.

फॉर्मवर बदलाची दोन कारणं छापलेली होती. ‘वनस्पती नव्याने उगवली’ यावर खूण केली, तर मामा सहीसलामत सुटत होते. पण नव्या उगवणीला संरक्षण नाही, खाण होणारच. ‘पूर्वीची नोंद चुकीची’ म्हटलं, तर कातळ वाचत होता आणि मामांच्या बढतीवर पाणी पडत होतं.

“मामा, घरी मामीशी बोलून ठरवा हवं तर.”

मामांनी दुसऱ्या कारणावर खूण करून सही ठोकली. मग कागद उलटून मागे भराभरा लिहायला घेतलं.

“आता हे काय?”

“त्याच उन्हाळ्यात पाहिलेले बाकीचे कातळ,” मामा म्हणाले. लिहिता लिहिता त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा चौकटीकडे वळत होते. “आणखी अकरा आहेत. सगळे उजाड लिहिलेत मी.”