बायकोचा पत्ता

एक्केचाळिसाव्या अर्जावर ‘परत’चा शिक्का मारायला बाईंनी हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. अर्जावरचं नाव त्यांच्या लेकीचं होतं.

नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीमागे बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. एक तारखेपासून नवा कायदा लागू झाला होता: लग्न मरेपर्यंत, घटस्फोट बंद, पडून असलेले सगळे अर्ज परत. चर्चची शिकवण देशाचा कायदा व्हावी म्हणून बाईंनी चर्चच्या दारात टेबल मांडून दोनशे सह्या गोळा केल्या होत्या. सकाळपासून शिक्के मारताना त्यांना पुण्य केल्यासारखंच वाटत होतं. आता त्यांनी उभ्या उभ्या लेकीचा अर्ज वाचला. नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. आईला तिने जिन्यावरून पडले असं सांगितलं होतं, आणि सह्यांच्या नादात आईने ते दोन्ही वेळा खरं मानलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या चर्चमध्ये गेल्या. फादरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तिला वेगळं राहू द्या,” ते म्हणाले. “आमची ना नाही. जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल, तर कोर्टातला घटस्फोटही पाप नाही. देवापुढचं लग्न त्याने मोडत नाही, एवढंच.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “पाप नाही?”

“शिकवणच तशी आहे.”

“मग हे सह्या घेताना का नाही बोललात, फादर? दर रविवारी माझ्या शेजारी उभे होतात की.”

“कायद्यात एवढं बारीक कुठे बसवणार, बाई? लोक पळवाटा काढतात.”

“म्हणजे दया तुमच्याकडे ठेवलीत आणि उरलेलं माझ्या खिडकीत पाठवलंत. तुमच्याकडे माणूस गुडघे टेकून रडला तर तुम्ही ऐकता. माझ्याकडे नुसता शिक्का आहे.”

फादर कपाळ चोळत बसले. बाई तरातरा परत आल्या. रस्ताभर त्यांना फादरांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. बायाबापड्यांना हाताला धरून टेबलापाशी त्यांनीच तर आणलं होतं.

तीन वाजता अर्ज परत द्यायला खिडकी उघडली. रांगेत पहिलीच लेक उभी होती.

“मी मुद्दाम पोस्टाने पाठवला होता,” ती खाली बघत म्हणाली. “तुझ्या हातात पडू नये म्हणून.”

“पडला. शिक्का मीच मारलाय. चाळीस जणींना मारला, तुला कुठल्या तोंडाने सोडू?”

पोचपावतीवर पत्त्याचा रकाना होता; पोलिसांच्या लेखी तोच पत्ता धरला जाणार होता. बायकोचा पत्ता म्हणजे नवऱ्याचा, असं नव्या कायद्याने ठरवून टाकलं होतं. ती पळून गेली तर पोलीस तिला त्याच दारात नेऊन सोडणार. बाईंनी रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, ठळक अक्षरात, आणि खाली सही ठोकली.

मागे उभ्या साहेबांनी ते पाहिलं. “बाई, हे नियमात बसत नाही. नोकरी जाईल तुमची.”

“बसत नाही ते मला कळतं, साहेब. नियम मीच आणलाय.”

लेक कागद घेऊन बाजूला झाली. तिच्या मागची बाई खिडकीशी वाकली. तिने सगळं ऐकलं होतं.

“मला माहेर नाही,” ती हळूच म्हणाली. “मलाही तोच पत्ता लिहाल का?”

बाईंनी लिहिला. तिच्या मागचीलाही लिहिला. पाच वाजेपर्यंत त्यांच्या दोन खोल्यांत कागदोपत्री सतरा बायका राहायला आल्या होत्या. शेवटचीला त्यांनी पत्ता लिहून दिला आणि वर कुठल्या वळणावर वळायचं तेही सांगितलं, कारण तिला आत्ताच जायचं होतं.