बाजूचं दार

रांगेत उभं राहायला कुणाला आवडतं? रॉकेलची रांग, दाखल्याची रांग, दवाखान्यातली रांग. आपण शेपटाला उभे असतो आणि नजर मात्र पुढं कुणी ओळखीचं दिसतंय का ते धुंडाळत असते. आपली ओळख निघाली की आपण हुशार, दुसऱ्याची निघाली की तो लबाड. बेल्ह्याचा तुळशीदास अशा हुशारांमधला हुशार होता.

तुळशीदास बैलबाजारातला दलाल. या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला नुसतं हलणारं कापड दिसतं. तुळशीदासची बोटं या कामात इतकी तयार होती, की समोरच्यानं काहीही देऊ केलं तरी ती आधी जास्तच मागत. हा गुण त्यानं कमावला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दोन हजार चार सालची मे महिन्याची सुट्टी. मंचरच्या पुढं हायवेला नवीन पार्क झालं होतं आणि त्यातल्या ‘नागीण’ नावाच्या पाळण्यानं अख्ख्या तालुक्यातल्या पोरांची झोप उडवली होती. रुळावरून डबे वर चढायचे, तिथून खाली सुटायचे आणि माणसं किंचाळायची. एवढ्यासाठी लोक अर्धा दिवस उन्हात रांगेत उभे राहायचे. तुळशीदासची पोरं, तेजस्विनी आणि संघर्ष, रोज त्याचं डोकं खात होती.

“तिकीट काढून उन्हात उभं ऱ्हायचं?” तुळशीदास बायकोला, भागूला, म्हणाला. “त्यापरीस कांद्याच्या खुरपणीला जाऊ. तिथं उन्हात उभं ऱ्हायचं पैसं तरी मिळत्यात.”

पण पुढच्या बाजारात पार्क बघून आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्याला सहज सांगितलं, की संगं अपंग माणूस असलं तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना बाजूच्या दारानं लगेच आत सोडतात. त्या दिवशी घरी आल्यावर तुळशीदासनं कित्येक वर्षांनी घराच्या मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

त्या खोलीत त्याची मोठी बहीण द्रौपदा राहायची. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. पायाला लोखंडी पट्ट्या, हातात काठी. दिवसभर बसून ती लोकांच्या गोधड्या शिवायची. घरात पाहुणे आले की मागच्या खोलीचं दार पुढं लोटलं जायचं. तुळशीदासच्या लग्नात ती त्याच खोलीत बसून जेवली होती. तिच्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी तिला उपाशी ठेवलं नाही. फक्त कुठं नेलं नाही.

“आक्का, पार्कात जायचंय. तू बी चल,” तुळशीदास म्हणाला.

द्रौपदाच्या हातातली सुई थांबली. “मी? मला नेतोस?”

“मग? तू काय घरची न्हाईस का?”

हे वाक्य तो किती सहज बोलून गेला! द्रौपदानं पेटीच्या तळाची हिरवी साडी काढली. ती भावाच्या लग्नासाठी घेतलेली होती आणि तिची घडी अजून मोडली नव्हती. चालताना पायाचं लोखंड वाजतं, त्याची घरच्यांना लाज वाटू नये म्हणून तिनं पट्ट्यांना नव्या कापडाच्या चिंध्या गुंडाळून घट्ट शिवल्या. “मला त्या नागिणीत पुढच्या डब्यात बसायचं हाय,” असं तिनं तेजस्विनीला दोनदा सांगितलं. पन्नाशीला टेकलेली बाई, पण त्या आठवड्यात ती पोरांपेक्षा पोर झाली होती.

पार्कात पोचल्यावर तुळशीदासनं तिच्या पायाकडं पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आक्का, ह्या चिंध्या काढ.”

“का रं? वाजतंय ना ते.”

“वाजू दे. लोखंड दिसलं पाहिजे.”

भर रस्त्यात खाली बसून द्रौपदानं आपणच घातलेले टाके आपणच उसवले. असेल काही नियम, असं तिनं मनाशी म्हटलं.

नागिणीची रांग उसाच्या गाड्यांसारखी लांबलचक लागली होती. रांगेत जुन्नरचा राजमहंमद उभा होता. तुळशीदासच्याच धंद्यातला म्हातारा व्यापारी, नात कशिशला घेऊन आलेला. त्यानं हात वर केला. तुळशीदासनंही हात केला आणि सगळ्यांना घेऊन बाजूच्या दाराकडं गेला. तिथल्या कामगारानं द्रौपदाचा पाय पाहिला आणि अदबीनं दार उघडलं. आत फलाटापर्यंत उभा चढाव होता. काठी टेकत, दम खात द्रौपदा तो चढली. वर एक बाक होता.

“तू हितं बस, आक्का,” तुळशीदास म्हणाला.

“मी बसू ना डब्यात? पुढच्या?”

“तुला न्हाई झेपायचं. चक्कर येईल. आमी आलोच.”

चौघं गेले, किंचाळले, हसत आले. रांगेतल्या लोकांच्या तोंडावरची चरफड बघून तर तुळशीदासला पाळण्यापेक्षा जास्त मजा आली. नियम असा होता की पुन्हा बसायचं तर पुन्हा खाली उतरून दारातून यायचं. मग काय! “आत्या, चल ना परत,” म्हणत संघर्ष तिला उठवायचा, द्रौपदा उतरायची, दारात उभी राहायची, पुन्हा चढायची आणि पुन्हा त्याच बाकावर बसायची. तिसऱ्या खेपेला पट्ट्यांनी तिची मांडी सोलली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. “आत्या लई हळू चालती बाबा,” संघर्ष कुरकुरला आणि त्याला कुणी रागावलं नाही. तेजस्विनी तेवढी आत्याच्या पायाकडं बघत होती. चौथ्या खेपेला ती म्हणाली, “पप्पा, आत्याला बसू द्या, मी थांबते.” तुळशीदासनं तिला दंडाला धरून डब्यात बसवलं.

खाली उतरल्यावर राजमहंमद रांगेतूनच म्हणाला, “तुळशीदास, रांग लांब हाय, पर पुढं सरकतीय रं.”

“तुमी सरका, चाचा. आमचं झालं बी,” तुळशीदास हसून म्हणाला.

तेवढ्यात पिंपरी पेंढारचा सयाजी समोर आला. बडा बागायतदार, दर मोसमाला बैलजोड्या घेणारा-विकणारा. बायको, मेहुणा आणि पोरं घेऊन आला होता आणि रांग बघून वैतागला होता. त्यानं तुळशीदासला चार वेळा बाजूच्या दारानं जाताना पाहिलं होतं.

“राव, तू तर लई पोचलेला निघालास. एका फेरीपुरती तुझी बहीण दे की आमाला.”

तुळशीदास ओशाळं हसला.

“फुकट नको. माझी खिल्लारी जोडी यंदा तुझ्याच हातनं इकीन.” असं म्हणून सयाजीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, थट्टेनं तुळशीदासच्या हातावर टाकलं आणि त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबली.

थट्टाच होती ती. पण उपरण्याखाली तुळशीदासच्या बोटांना थट्टा कळत नव्हती. त्यांना एकच विद्या येत होती. सयाजीनं दाबलेल्या बोटांवर त्यांनी सवयीनं आणखी एक बोट दाबलं आणि जास्त मागितलं.

द्रौपदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. दलालाच्या घरात तिचा जन्म गेला होता. बाप हाच धंदा करायचा, आता भाऊ करत होता. हलणाऱ्या कापडाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती काठी टेकत पुढं आली. तिच्या पायाचं लोखंड खणखण वाजलं. सयाजीच्या समोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. बाजारात बैलाचा जबडा फाकवून दाखवतात तसं, दोन बोटांनी ओठ वर करून तिनं आपले दात दाखवले.

“बघून घ्या, पावणं,” ती म्हणाली. “समदे दात जुळलेलं जनावर हाय, कोवळं न्हाई. पाय अधू हाय, ते दिसतंयच तुमाला. चढावाला येळ लावतं, पर मारकं न्हाई. कुनी बी न्यावं.”

सयाजीनं उपरणं ओढून घेतलं आणि मान खाली घालून तो निघून गेला. संघर्ष हसला, त्याला तो खेळ वाटला. मग आईचा चेहरा बघून तो तिच्यामागं सरकला.

“आक्का, चारचौघात काय हे?” तुळशीदास पुटपुटला. “सयाजीराव थट्टा करत व्हते.”

“अन् तुझी बोटं?” द्रौपदानं विचारलं.

आता मात्र राजमहंमद कशिशचा हात धरून रांगेतून बाहेर आला. अर्ध्या दिवसाची जागा गेली, तरी आला.

“तुळशीदास, तुझं काय चुकलं ते सांगू का?”

“काय चुकलं, चाचा?” तुळशीदास तडकला. “नियमच हाय. कुनाच्या खिशात हात घातला का मी? तिला बी जरा बाहीरची हवा मिळाली.”

“नियम चांगलाच हाय. ज्याला उभं ऱ्हाता येत न्हाई त्याला आधी जाऊ द्या, म्हनून ते दार केलंय. दार तिचं व्हतं. तू तिच्या दारातनं आत गेलास अन् तिलाच उंबऱ्यावर बसवलंस. रांगेतल्या समद्या पोरांचा येळ चोरलास तो येगळाच. आरं, अधू जनावर इकताना आपन गिऱ्हाइकाला त्याची खोट आधी दाखवतो. हिला तू काय सांगून आनलंस?”

तुळशीदास पोरांना घेऊन निघायला वळला, पण राजमहंमद थांबला नाही.

“जयंतीला माइकवर तूच बोलतोस, मानसाला मानूस म्हना. मी समोर बसून टाळ्या वाजवल्यात. ते फक्त दुसऱ्यांनी तुला म्हनायचं का?”

हा घाव वर्मी बसला. आपल्या आजोबाला गावानं पाणवठ्यावर कसं लांब उभं केलं, ती गोष्ट तुळशीदास दर वर्षी सांगायचा आणि सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. त्याच घरातली बहीण त्यानं तीस वर्षं मागच्या खोलीत ठेवली होती. धडपडत तो दारावरच्या कामगाराकडं गेला.

“दादा, आमच्या आक्काला पाळण्यात बसता येईल का?”

“येईल की,” कामगार म्हणाला. “पट्टा असतो, मी धरून बसवलं असतं. मला वाटलं त्यांनाच नको आहे. तुम्ही विचारलंच नाही.”

विचारलंच नाही! सकाळपासून एकदाही नाही!

तो वळला तर द्रौपदा जागेवर नव्हती. काठी टेकत ती रांगेच्या अगदी शेपटाला जाऊन उभी राहिली होती. तुळशीदास धावला.

“आक्का, चुकलं माझं. चल, तुला लगेच बसवतो. पुढच्या डब्यात.”

“न्हाई.”

“ते दार तुजंच हाय गं बेटी,” राजमहंमदही म्हणाला. “तिथनं जान्यात कमीपना न्हाई.”

“ठावं हाय, चाचा. दुसऱ्या कुना दिवशी गेले असते. आज त्या दारात माझा सौदा झालाय.”

मग तुळशीदास तिच्या मागं उभा राहिला. त्याच्या मागं भागू आणि पोरं, आणि त्यांच्या मागं राजमहंमद नातीला घेऊन. द्रौपदा एकदाही टेकली नाही. तेजस्विनीनं तिच्या मांडीजवळच्या साडीवर रक्ताचा डाग पाहिला आणि ती रडायला लागली. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. ऊन उतरलं. द्रौपदापुढं थोडीच माणसं उरली तेव्हा भोंगा वाजला. शेवटची फेरी भरली होती. साखळी लागली.

साखळीला हात लावून द्रौपदानं पुढचा डबा वर चढताना पाहिला, तो खाली येईपर्यंत पाहिला, आणि मग ती फाटकाकडं चालू लागली. कशिशचीही फेरी हुकली होती. तिच्या आजोबानं जागा सोडली होती ती कुणासाठी, हे त्या पोरीला बरीच वर्षं कळलं नाही.

तुळशीदास बदलला, हे खरं. त्यानं मागच्या खोलीचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. दवाखान्यात, बँकेत, बसस्टँडवर तो मुकाट रांगेत उभा राहू लागला, आणि कुणी अधू माणूस दिसलं तर त्याला पुढं घालून स्वतः आपल्याच जागेवर परत येऊ लागला. बाजारात त्यानं उपरण्याखाली हात घालणं सोडलं. भाव तोंडानं बोलायचा. लोक हसले, काही गिऱ्हाइकं तुटली. त्यानं ते सोसलं.

वाचकहो, दुबळ्यांसाठी समाजानं एक छोटं दार ठेवलेलं असतं. त्यातून धडधाकट माणूस घुसला की रांगेतला प्रत्येक जण लुटला जातो, आणि ज्याच्या नावानं तो घुसला ते माणूस सगळ्यात जास्त. आपल्या घरातल्या मागच्या खोलीत कोण बसलं आहे, ते आजच बघा. काम पडल्यावर नव्हे, आजच. कारण उशिरा आलेल्या शहाणपणाला घरात जागा मिळते, पण गेलेला विश्वास त्यानं परत येत नाही.

तुळशीदासला तो आजतागायत परत मिळालेला नाही. काही वर्षांनी तेजस्विनीचं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या दिवशी तो बहिणीसाठी नवी साडी घेऊन तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, “आक्का, गाडी आलीय. तुला सगळ्यांच्या म्होरं बसायचंय. चल.”

द्रौपदानं सुईतला दोरा दातानं तोडला, भावाकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “का रं? तिथं रांग हाय का?”