पाठीवरचा अंगठा

माझ्या खुर्चीत बसायच्या आधी माझी बडबड ऐकावी लागती. बारामतीत स्टँडजवळच्या गल्लीत माझं टॅटूचं दुकान हाय, आणि ही सारजा तोंडाची लई फाटकी, हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं. जेवून आलायस का? दारू प्यायलायस का? साखर हाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय का? आधार कार्ड दाव, अठराच्या आत असशील तर चालता हो. सुईचं पाकीट तुझ्या डोळ्यांदेखत फोडते, बघून घे. पोरीचं नाव काढायचं असंल तर सहा महिन्यांनी ये, तवाबी तीच असली तर काढू. काढून झालं की पुन्हा बडबड. साध्या साबणानं धू, मलम पातळ लाव, खपली धरली तर खाजवू नको. आणि तीन आठवडं विहीर न्हाय, कॅनॉल न्हाय, कुठल्याच पाण्यात उतरायचं न्हाय.

शहबाजनं हे सगळं मान हलवत ऐकलं. वडगाव निंबाळकरचा पोरगा, बावीस वर्षांचा, थोरल्या भावाशी भांडून पुण्याला कामाला निघाल्याला. त्यानं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. कागदावर निळ्या शाईचा एक अंगठा उठवल्याला व्हता.

"ह्यो कुणाचा रं?"

"अम्मीचा. तिला लिहायला येत न्हाय, ताई. तिची सही हीच."

अंगठ्याच्या मधनं एक तिरपी पांढरी रेघ गेल्याली. म्हशींना घास कापताना इळा लागला व्हता, ती जुनी खूण.

"तुमच्यात चालतं का हे?"

"न्हाय चालत. अम्मी म्हणती, अल्लानं दिलेल्या अंगावर आपण रेघ वढायची न्हाय. म्हणून तर पाठीवर काढा. आणि तिला कधी कळू देऊ नका. शपथ घ्या बघू."

मी घेतली शपथ. मला काय, पोरं रोज एक शपथ घ्यायला लावत्यात.

बारीक रेघा कातडीत पसरत्यात, दोन वर्षांत नुसता डाग हुतो. म्हणून मी तो अंगठा तळहाताएवढा मोठा केला आणि डाव्या खांद्याच्या खाली काढला. दोन तास लागलं. जाताना मी दारातनं वरडून सांगितलं, "पाण्यात जाऊ नको रं!" त्यानं हात केला आणि गेला.

महिनाभरानं इंदापूरकडचं दादासो हवालदार दुकानात आलं. भीमेच्या फुगवट्यात, धरणाच्या मागच्या पाण्यात, एक पोरगा सापडला व्हता. आठ दिवस पाण्यात, तोंड ओळखू येत न्हवतं, अंगावर कापड न्हाय. पाठीवर तेवढं गोंदल्यालं. दादासो मोबाईलमधी त्याचा फोटो घेऊन बारामतीतली टॅटूची सगळी दुकानं फिरत व्हते.

मी फोटो जवळ धरून बघितला. पाण्यात वरची कातडी निघून जाती, पण शाई खालच्या थरात बसल्याली असती, ती जात न्हाय. उलट जास्तच उठून दिसती. माझी एकेक रेघ जागच्या जागी व्हती, मधली पांढरी खूणसुदिक.

"ताई, तुमचं काम हाय का हे? काय काढलंय तेच कळंना. भोवरा हाय का पाण्याचा?"

"न्हाय," मी म्हणले. "माझं न्हाय हे."

शपथ घेतली व्हती म्हणून बोलले, असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू? मी भ्याले. पोलीस, जबाब, गल्लीतली कुजबूज, सगळं एका दमात डोळ्यांम्होरं आलं. दुसऱ्याला अक्कल शिकवणारी मी, माझी अक्कल त्या दिवशी कुठं गेली व्हती कोण जाणे.

दादासो मोबाईल खिशात घालत म्हणले, "पोरगं हरवल्याची तक्रार दिल्यालं वडगाव निंबाळकरचं एक घर येऊन बघून गेलं. पण आई म्हणली, आमच्या पोराच्या अंगावर गोंदण न्हाय, ह्यो आमचा न्हाय. बरं वाटलं बिचारीला. मग बेवारस म्हणून इंदापुरातल्या मंडळींनीच त्याला माती दिली."

त्या दिवसापास्नं तो अंगठा माझ्या मागं लागला. भाकरी थापायला घ्यावी तर पिठावर माझाच अंगठा उमटायचा आणि मी तो पुसून परत थापायला घ्यायची. दुकानात मशीन सुरू केली की गिऱ्हाईक बसल्यालं असायचं, पण मला मात्र कुणीतरी पालथं झोपल्यालं वाटायचं, पाठ माझ्याकडं करून. मी गिऱ्हाइकाचं तोंड दोन-दोनदा बघून घ्यायची.

एकदा गोकुळ म्हणून दूधवाला मोरपीस काढायला आला. दांडी काढली, केस काढलं, पिसाचा डोळा काढायला घेतला आणि हात थांबंचना. गोल, त्याच्या आत गोल, त्याच्या आत आणखी एक. पुसून बघितलं तर दंडावर अंगठा. मधली तिरपी रेघ कोरी ठिवून काढल्याला, जसाच्या तसा.

"आरं देवा! हे काय केलं, ताई?" गोकुळ बोंबलला. मी मशीन बंद केली आणि पैसं न घेता त्याला घरी लावून दिलं.

बारामतीचा बाजार गुरुवारी. त्याच्या दुसऱ्याच गुरुवारी एक म्हातारी बाई दारात आली. हातात फोटो. मेहबूबबी, वडगाव निंबाळकरची.

"पोरी, ह्या पोराला कुठं बघितलं का? माझा शहबाज. स्टँडजवळची सगळी दुकानं इचारत चाललीय."

मी नुसती मान आडवी हलवली. ती पायरीवर टेकली, पाणी प्याली आणि बोलत बसली. घराला कडी लावत न्हाय म्हणली, पोरगं कवाबी येईल. थोरल्याशी बोलणं सोडलंय, धाकटा आला की मगच बोलीन.

तवापास्नं ती दर गुरुवारी यायला लागली. पायरीवर बसायची, पाणी प्यायची आणि फोटो पुसायची. मी गिऱ्हाइकावर खेकसायची, म्हंजी तिच्याकडं बघावं लागू नये.

तिसऱ्या गुरुवारी ती म्हणली, "मला पोलिसांनी एक दावला व्हता बाई, इंदापूरला. पाठीवर हे असलं काढल्यालं. ते बघितलं आणि मी तितंच कपाळ टेकून सजदा केला. माझा शहबाज असलं करायचा न्हाय." मग तिनं फोटो पदरानं पुसला. "पण त्याच्या आईचं काय गं? तिला कुणी कळवलं असंल का? तीबी अशीच दारोदार फिरत असंल. मी रोज तिच्यासाठी दुवा मागते."

मी मशीन बंद केली.

गिऱ्हाइकाला मी म्हणले, "ऊठ, उद्या ये." दार लोटलं. शहबाज माझ्याकडंच ठिवून गेल्याला कागद खणातनं काढला आणि तिच्या मांडीवर ठिवला.

"मावशी, ह्यो कुणाचा अंगठा?"

तिनं डोळं बारीक केलं. "माझाच की. त्यानं घेतला व्हता, सिमकार्डाला लागतो म्हणून. तुझ्याकडं कसा आला?"

मी नुसतं माझ्या पाठीवर हात नेऊन दावलं, डाव्या खांद्याच्या खाली.

तिनं कागद मांडीवर सरळ केला. मग उजवा अंगठा हळूच त्या निळ्या अंगठ्यावर टेकवला. खुणेवर खूण बसली. तिनं अंगठा उचलला, परत टेकवला, परत उचलला.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"पोलीस आलं तवा?"

"व्हय, मावशी. मी खोटं बोलले."

तिनं माझ्या थोबाडीत लगावली. म्हातारीच्या हातात एवढा जोर असंल असं वाटलं न्हवतं. मी गाल धरून उभी ऱ्हायले, दुसरी बसंल म्हणून. पण ती पदर सावरत उठली आणि म्हणली, "चल. इंदापूरची गाडी कुठं लागती, ते दाव."

"आत्ता?"

"आत्ताच. तू खोटं बोललीस, ते तू तुझं सांग. पण मी तर अंगठा दिलाय पोलिसांच्या कागदावर. ह्यो माझा न्हाय, असं त्यांनी लिहिलं आणि खाली माझा अंगठा घेतला. ह्योच अंगठा." तिनं अंगठा माझ्या म्होरं धरला. "आईनंच लिहून दिलं की न्हाय माझा म्हणून. मला ते खोडायचंय. त्याला तितं कुणी नावानं हाक मारली नसंल."

आमी गाडीत बसलो. ती खिडकीकडं, मी तिच्या शेजारी. भवानीनगर गेलं तरी ती अंगठा मुठीत घट्ट धरून बसली व्हती. मग बाहेर बघतच तिनं इचारलं.

"काढताना दुखलं का गं त्याला?"

"दुखलं, मावशी."

"वरडला?"

"न्हाय. तुमचं नाव घेत व्हता."

तिनं मान हलवली. जरा वेळानं परत इचारलं, दुखलं का. मी परत सांगितलं. इंदापूर येईपतूर ती तेवढंच इचारत ऱ्हायली, आणि मी दर वेळी खरं तेच सांगत ऱ्हायले.