बारानंतर एकदम चौदा

अक्काचं पत्र अकरा महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. शब्दकोश मी रोज उघडतो, त्यामुळे विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही.

पत्र छोटंसंच होतं. "समोरच्या नर्सबाई मुलाकडे राहायला जाणार आहेत. घर विकायचंय. तळमजला, दोन खोल्या, मागे तुझ्या पुस्तकांपुरता बंद व्हरांडा. माझ्या भावाला आधी विचारते, असं मी त्यांना सांगितलंय. वर्षभर थांबायला त्या तयार आहेत. फोनवर तू 'बघू' म्हणतोस, आणि तुझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला साठ वर्षं माहीत आहे. म्हणून लिहून विचारते. उत्तर लिहूनच पाठव."

एवढ्याशा पत्राला मी सात उत्तरं लिहिली आणि एकही टाकलं नाही. मी जन्मभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याच्या ओळीतली चूक मला लांबून दिसते, पण स्वतः ओळ लिहिली की ती सगळीच चूक वाटते. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत, बेचाळीस पायऱ्या चढून, मी एकटा राहतो. दाजी गेल्यापासून अक्काही एकटीच. शहाण्या माणसानं तेव्हाच पिशवी भरली असती. मला मात्र भीती वाटत होती. लांबचा भाऊ हुशार वाटतो. समोर राहायला आला की तो कळतो.

वर्ष संपायला एक महिना उरला, तेव्हा मी ठरवलं की निदान घर आणि परिसर नीट तपासून तरी यावं. खोट सापडली असती, तर 'नाही' म्हणायला कारण मिळालं असतं. हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी अक्का गुडघ्यांच्या व्यायामाला जाते, म्हणून मंगळवार धरला. एका वहीत पानापानावर मथळे घातले: पाणी, हवा, आवाज, ओल, उजेड, शेजार. खिशात पट्टी घेतली. चाळीस मिनिटांचा बसप्रवास करून अक्काच्या गल्लीच्या, म्हणजे गल्ली नंबर तेराच्या, तोंडाशी उतरलो आणि पहिलं पान लगेच भरायला लागलं. गटारावरच्या जाळीतून कुजका वास येत होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानाच्या भिंतीवर पाणी चढून गेल्याची तपकिरी रेघ होती. मी वाकून पट्टी लावली. दीड फूट! मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला.

"साहेब, पालिकेतून का?"

इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत होता. 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? माझा शब्द घशापर्यंत आला, तोवर त्यानं पलीकडच्या दुकानाकडे तोंड करून आरोळी ठोकली, "शिवणवाल्या बाई, बाहेर या! आले एकदाचे!"

मग माणसं जमली. कुणीतरी खुर्ची आणली. खुर्चीत बसवलेल्या माणसाला 'तो मी नव्हेच' असं म्हणणं फार अवघड असतं.

"लिहा साहेब," इस्त्रीवाला म्हणाला. "तीन वर्षं या जाळीला कुणी हात लावलेला नाही. जोराचा पाऊस आला की पाणी खाली जायचं सोडून वर येतं. मग कपडे टेबलावर, इस्त्री टेबलावर आणि मी स्टुलावर."

"माझी मशीन विटांवर उभी आहे," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं विचारतात, एवढी उंच का? म्हटलं, तिला पोहता येत नाही."

मी 'आवाज' हे पान काढून हळूच विचारलं, "मागे वर्कशॉप दिसतंय, त्याचा त्रास होतो का?"

"वर्कशॉप सहाला बंद होतं हो. त्याचा मालक त्यानंतर गातो, तो त्रास. पण त्याला पालिका काय करणार?"

चार पानं भरली. पालिकेच्या साहेबासाठी केलेला चहा मी प्यालो, मान हलवली आणि पळ काढला.

घरी आल्यावर वही उघडवेना. मला नकाराची कारणं हवी होती ती मिळाली होती, पण ती आता माझी राहिली नव्हती. त्या माणसांनी विश्वासानं सांगितलेली गाऱ्हाणी होती ती, आणि मी शुद्ध तोतया होतो. शेवटी मला जे थोडंफार येतं तेच केलं. सगळ्या तक्रारी एका अर्जात नीट मांडल्या, खाली सह्यांसाठी जागा सोडली आणि पुढच्या मंगळवारी कबुली द्यायला पुन्हा त्या गल्लीत गेलो.

"मी पालिकेचा माणूस नाही," दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी एका दमात सांगून टाकलं.

इस्त्रीवाल्यानं माझ्यासाठी काढलेली खुर्ची परत भिंतीला लावली. शिवणवाल्या बाईंना मात्र हसू आवरेना. "अहो, ते तेव्हाच कळलं होतं. पालिकेचा माणूस एवढं ऐकून घेतो होय? मग तुम्ही आहात तरी कोण?"

"मी घर बघायला आलो होतो. नर्सबाईंचं."

"म्हणजे तुम्ही अक्कांचे भाऊ! ते वाळवी!"

लहानपणी पुस्तकांत तोंड खुपसून बसायचो म्हणून अक्कानं ठेवलेलं नाव. ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. माझे कान तापले.

"नर्सबाई केव्हाच्या थांबल्यात तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या. "एक विचारू? रागावू नका. तुम्हाला घर हवंय की नकार हवाय?"

माझ्या वहीत सहा मथळे होते. या प्रश्नाला एकही पान नव्हतं.

त्यांनीच मला नर्सबाईंच्या दारात नेऊन उभं केलं. नर्सबाईंनी रोग्याची तब्येत सांगावी तसं घर दाखवलं, काही न लपवता. "या कोपऱ्यावरचा डाग ओलीचा नाही, माझ्या कुंडीचा आहे. हात लावून बघा. खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं, त्यानंतर दिवा लागतो. दारात तीन पायऱ्या आहेत. मोठ्या पावसात दुसरी भिजते. तिसरी आजवर भिजलेली नाही, पण गटार असंच राहिलं तर पुढचं सांगत नाही." व्हरांड्याच्या लाकडी चौकटीला मी नखानं टोकरून पाहिलं. भुसा पडला नाही. भिंत कोरडी होती, लांब होती आणि तिच्यावर एकही फळी नव्हती. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो.

अर्जावर एकोणीस सह्या झाल्या. अक्काची मागायची राहिली, म्हणजे मीच टाळली.

पालिकेच्या कचेरीत मला जायचं नव्हतं, पण अर्ज माझ्या हातात होता. तिथल्या कारकुनानं तो वरवर चाळला. "आजोबा, सगळ्या गल्ल्यांची गटारं यादीप्रमाणे साफ होतात. ती बघा यादी, भिंतीवर लावली आहे."

लिहिलेलं काही समोर आलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. चष्मा पुसून मी वाचत गेलो. दहा, अकरा, बारा, चौदा, पंधरा.

मी परत वर गेलो आणि बोट ठेवून वाचलं. बारानंतर एकदम चौदा.

"यात तेरा नंबर नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं "काय?" विचारलं. मग मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.

तो उठून आला. त्यानंही बोट ठेवून पाहिलं. मग कपाटातून जुनी यादी काढली. तिच्यात तेरा होता. तीन वर्षांपूर्वी नवी यादी टाइप करताना तो गळला आणि त्यानंतर दर वर्षी त्याच यादीची नक्कल निघत गेली.

"कमाल आहे!" कारकून म्हणाला. "खाली पाच साहेबांच्या सह्या आहेत."

"सही करायला वाचावं लागत नाही," मी बोलून गेलो आणि स्वतःच दचकलो. तो मात्र हसला आणि त्यानं पेनानं, बारा आणि चौदाच्या मध्ये, तेरा लिहिला.

आठवड्याभरात इस्त्रीवाल्याचा फोन आला. "काका, चार गाड्या गाळ निघाला! दोन बादल्या, एक बूट आणि शिवणवाल्या बाईंची हरवलेली कात्री. बाई माझ्यावर आळ घेत होत्या इतके दिवस!"

शनिवारी दुपारी धो धो पाऊस आला. खरी परीक्षा हीच होती, मंगळवारपर्यंत थांबवेना. मी छत्री घेऊन बस पकडली. गल्लीच्या तोंडाशी जाळीवर पाणी भोवरा करून खाली जात होतं. इस्त्रीवाला जमिनीवर उभा होता. नर्सबाईंची पहिली पायरी तेवढी ओली झाली होती. मी भर पावसात उकिडवा बसून बघतच राहिलो.

"ए वाळवी!"

समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत अक्का. "गटार कधी पाहिलं नव्हतंस का? भिजून आजारी पडशील, वर ये!"

वर गेल्यावर तिनं पंचानं माझं डोकं खसाखसा पुसलं, मी आठ वर्षांचा असल्यासारखं. ओट्यावर दोन कप मांडलेले होते.

"तू मला कधी पाहिलंस?" मी विचारलं.

"दोन्ही मंगळवारी. माझा व्यायाम सहा महिन्यांपासून सोमवारी असतो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर पळाला असतास. चिमणी दाणे टिपत असते तेव्हा कुणी खिडकी उघडतं का?"

मी चहाचा घोट घेतला. "अक्का, ते पत्र तू पाठवलं होतंस, त्याचं…"

"अजिबात नको," ती म्हणाली. "आता तू तोंडी 'बघू' म्हणशील. लिहून विचारलंय, लिहून सांग. वर्ष संपायला पाच दिवस आहेत. हो असो नाहीतर नाही, पण पेटीत टाक."

तिचा स्वर थट्टेचा होता, पण ती माझ्याकडे न बघता पंचाची घडी घालत होती, आणि ती घडी तिनं तीनदा मोडली.

घरी येऊन मी आठवं पत्र लिहिलं.

"अक्का, परिसर तपासला. पाणी: पहिल्या पायरीपर्यंत. हवा: जाळी साफ झाल्यापासून बरी. उजेड: दुपारपर्यंत, तेवढा मला पुरतो. आवाज: वर्कशॉप सहापर्यंत, मालकाचं गाणं त्यानंतर आणि तुझी हाक दिवसभर. ओल नाही. वाळवी नाही, पण एक येते आहे, पुस्तकांसकट. शेजार: मला सोसेल इतका चांगला. मी त्यांना सोसेन का, ते माहीत नाही, पण येऊन बघतो. नर्सबाईंना सांग, घर मी घेतो. उशीर झाला, रागावू नकोस. तुझा भाऊ."

सवयीनं पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. पाकीट चिकटवून टाकलं, म्हणजे पुन्हा वाचायचा मोह नको. बेचाळीस पायऱ्या उतरलो, कोपऱ्यावर गेलो आणि ते टपालपेटीत सोडलं. आत पडल्याचा आवाज ऐकू आला.