बहिऱ्याने विकलेला फोन

नागपूरच्या इतवारी बाजारात वामनरावाच्या दुकानात फोन दाखवायला आणि विकायला जो म्हातारा बसे, तो कानांनी ठार बहिरा होता. नवं गिऱ्हाईक आधी हसे. मग वामनराव त्याला पाण्याचा गिलास देई आणि म्हणे, "घाई नसंल तं सांगतो." ही गोष्ट सांगताना त्याची कॉलर अशी ताठ होई, की वाटावं म्हातारा त्याचा सासरा नव्हे, मुलगाच आहे आणि बोर्डात पहिला आलाय.

म्हाताऱ्याचं नाव धोंडबा. सव्वीस वर्षं त्यानं कामठीत यंत्रमागावर काढली. त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. बायको गेली तेव्हा कळलं, कारण घरात ओरडून बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगा नव्हता. एकुलती एक लेक गोपिका, वामनरावाची बायको, त्याला नागपूरला आपल्या घरी घेऊन आली.

लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशा समजुतीत वाढलेला तो माणूस. सहा वर्षं जावयाकडे राहिला, पण एक दिवस मोकळेपणानं जेवला नाही. दोन भाकरी झाल्या की ताटावर आडवा हात धरायचा. बापाला चार लागतात हे गोपिकेला पक्कं माहीत. ती रागवायची, डोळ्यांत पाणी आणायची, गुपचूप भाकरी जाड थापायची. हात काही हलायचा नाही. "पोट भरलं वं," एवढंच बोलणं.

त्याला हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. तो बसायचा त्या अंधाऱ्या खोलीच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. दिवा एकदा लुकलुकला की कुणीतरी आलंय. दोनदा म्हणजे जेवायला या. तीनदा म्हणजे असाल तसे धावत या. घरातल्या घरात बापलेकीचं सगळं बोलणं त्या दिव्यावर चालायचं.

वामनराव मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. एकोणऐंशी साली त्यानं स्वतःच्या हातानं इंटरकॉम बनवला. लोक त्याला फोनच म्हणत. दोन काळे डबे, मधे तार, इकडचं बोलणं तिकडे. टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे त्या काळात दुकानातून गोदामाशी बोलता येणं ही मोठीच गंमत होती. विकायची त्याची तऱ्हाही न्यारी. भाषण नाही, छापील कागद नाही. एक डबा गल्ल्यावर ठेवायचा, दुसरा गोदामात, आणि दुकानदारालाच म्हणायचं, "आता तुमीच बोला." शेठ आतल्या हमालाला विचारी, "पोते उतरले का रे?" आतून उत्तर आलं की त्याचा चेहरा फुलायचा. आठ दिवस डबे तसेच राहू द्यायचे. नवव्या दिवशी परत मागितले तर शेठ सोडायला तयार नसे. प्रत्येक डब्यावर पितळी पट्टी असायची, 'गोपिका, नागपूर'. त्या पट्टीचा वामनरावाला भारी अभिमान.

मग मुंबईच्या एका कंपनीचे गुळगुळीत, रंगीत डबे आले. इतवारीतली गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. कंपनीचा माणूस ओमप्रकाश दुकानात येऊन म्हणाला, "आमची एजन्सी घ्या. मात्र तुमचा माल बनवणं बंद करावं लागेल." उत्तर सोमवारी हवं होतं. हो म्हटलं तर पोट चालणार होतं आणि पितळी पट्टी जाणार होती. वामनरावाची एकच आशा उरली होती, ती कामठीची. तिथं बाबारावांच्या कारखान्यात सोळा माग. आजूबाजूचे सगळे मालक सांगून चुकले होते, "बाबारावजीनं घेतला तं आमीबी घेऊ."

शनिवारी वामनराव निघाला, तर धोंडबा तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आधीच दारात उभा.

"मामाजी, तुमी काहून?" वामनरावानं हातवारे करत विचारलं.

"तार कोन धरन?" धोंडबा म्हणाला आणि चालू लागला. बसून खाणाऱ्या माणसाला ओझं उचलायला मिळालं की बरं वाटतं.

कारखान्यात पाऊल टाकताच त्याला आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. सोळाही माग धडधडत होते. इथं सगळेच बहिरे होते आणि सगळेच बोलत होते, ओठांनी, बोटांनी, भुवयांनी. सहा वर्षांत पहिल्यांदाच धोंडबाला कुणाला "काय?" म्हणून विचारावं लागलं नाही. चौथ्या मागावर त्याचा जुना सोबती रुपराव होता. त्यानं लांबूनच ओठ हलवले, "धोंडबा, तुह्या जवायाची आज फजिती होते पाय."

धोंडबानंही ओठांनीच उत्तर दिलं, "तू आपला ताणा पाय. धागा तुटून राहिला तुहा."

खरंच तुटला होता. रुपराव घाईनं वाकला.

पण फजिती झालीच. वामनरावानं एक डबा पुढच्या ऑफिसात ठेवला, दुसरा आत खांबाला टांगला. बाबाराव खांबापाशी येऊन उभे राहिले. ऑफिसातून वामनरावानं घंटी वाजवली. एकानंही मान वर केली नाही. दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. मग तो धावत आत आला आणि आशेनं बाबारावांच्या तोंडाकडे बघू लागला. बाबाराव काहीतरी बोलले. त्या गोंगाटात वामनरावाला एक अक्षर ऐकू आलं नाही. धोंडबाला मात्र दहा पावलांवरून स्पष्ट दिसलं, "मशीन बोलत असंल गा, पण ऐकते कोन? घेऊन जा."

जावयाचा चेहरा अजून हसराच होता. त्याला कळलंच नव्हतं की सगळं संपलं. ते हसू धोंडबाला पाहवेना. सहा वर्षं या पोरानं आपल्याला एका शब्दानं दुखवलं नाही, आणि आज त्याच्या डब्यावरून आपल्याच लेकीचं नाव पुसलं जाणार.

त्यानं उरलेलं भेंडोळं खाली ठेवलं. सरळ भिंतीकडे गेला आणि कारखान्याच्या दिव्यांचं बटण एकदा बंद करून चालू केलं.

सोळाही माग एका दमात थांबले. अशी शांतता पसरली की बाहेरच्या टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

"कोनं केलं हे?" बाबाराव गरजले.

"म्या केलं, मालक." धोंडबाचा आवाज बहिऱ्यांचा असतो तसा मोठा. "घंटी तीनदा वाजली, एकाची मान हालली नाई. दिवा एक डाव हालला, सोळा माग बंद. इथं कानानं कोनीच काम करत नाई. डोयानं करते."

आणि खरंच होतं ते. दिवा लुकलुकला म्हणजे वीज जाणार. माग चालू असताना ती गेली आणि आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकला, तर पट्टाभर उभे धागे तुटणार. म्हणून विणकराचा एक डोळा कायम दिव्यावर असतो आणि तो हलताच विणकर आपला माग थांबवतो. हे मुंबईच्या कंपनीला ठाऊक नव्हतं, वामनरावालाही नव्हतं. धोंडबाला तर ते कधी कुणाला सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं.

वामनराव मात्र हुशार गडी. घरातला दिवा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तिथंच मांडी घालून त्यानं डब्यातली घंटी काढली, तिच्या जागी टॉर्चचा बल्ब बसवला. वीज जाण्याच्या दिव्याशी घोटाळा नको म्हणून बाबारावांच्या उदबत्तीच्या पुड्याचा लाल जिलेटीन कागद त्यावर गुंडाळला. दुसरा तसाच बल्ब ऑफिसातल्या डब्याला. दोन्हीकडे दाबायला बटण.

शिकवायचं काम धोंडबाचं. सोळा जणांना त्यानं ओठांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. एकदा दाबलं की सुताच्या कांड्या पाठवा. दोनदा दाबलं की मिस्त्री पाठवा. तीनदा दाबलं की मालक, तुम्हीच या.

माग सुरू झाले. बाबाराव ऑफिसात जाऊन बसले. रुपरावानं बटण तीनदा दाबलं. बाबाराव धोतर सावरत धावत आले आणि तोंडानं विचारलं, "काय झालं गा?"

"काई नाई मालक," रुपरावाचे ओठ म्हणाले. "पायलं, येता का ते."

धोंडबानं ते बाबारावांच्या कानाशी ओरडून सांगून टाकलं. सोळा जणांच्या पाठी हसून हलू लागल्या. बाबारावही हसले. पंचवीस वर्षांत त्यांना एकाही विणकरानं बोलावून घेतलं नव्हतं.

बाहेर अंगणात आल्यावर ते म्हणाले, "घेतो. पन शिकवायले हाच मानूस पाहिजे. तुमी नाई, वामनराव."

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर वामनरावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. आज तो छाती काढून म्हणाला, "हे माहे सासरे आहेत." धोंडबा लांब उभा राहून भेंडोळं गुंडाळत होता. त्यानं ते वाक्य जावयाच्या ओठांवर वाचलं आणि तार गुंडाळायची थांबवली. आपल्याला असं कुणी अभिमानानं दाखवलेलं त्याला आठवत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन मालकांचा निरोप आला. सोमवारी सकाळी ओमप्रकाश कागद घेऊन हजर झाला. वामनरावानं नकार दिला. लाल दिव्याची हकीकत कळल्यावर ओमप्रकाश म्हणाला, "हे तर आमची कंपनीही करेल."

"तुमच्याकडे बहिरा माणूस आहे का?"

"नाही."

"मग तुमाले नाई जमायचं," वामनराव म्हणाला आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

दुपारी खोलीतला दिवा दोनदा लुकलुकला. धोंडबा ताटावर येऊन बसला. वांग्याची भाजी होती. एक भाकरी झाली, दुसरी झाली. गोपिका सवयीनं टोपलं झाकायला लागली.

हात आडवा आला नाही. धोंडबानं ताट पुढे सरकवलं.

"वाढ वं," तो म्हणाला. "आज तीन कारखाने करायचे आहेत."

गोपिकेनं तिसरी वाढली आणि तोंड चुलीकडे फिरवलं. त्यानं मागितली तेव्हा चौथीही वाढली. मग स्वतःपुरतं तिला पुन्हा पीठ मळावं लागलं.