खळीतून सोडवलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. आज माझ्या अंगावर नवा पुठ्ठा आहे, तरी कुणी मला उघडलं की माझा जीव खालीवर होतो. का, ते सांगते.

माझ्यात शिडाच्या जहाजांच्या काळातली गोष्ट आहे. एक कप्तान आणि त्याच्या जहाजावरचा नकाशे काढणारा तरुण एकमेकांच्या प्रेमात पडतात. मागे राजाचे सैनिक, पुढे वादळ, आणि दोघांना एका बेटावर पोचायचं आहे. वाचनालयात कुणी मला उराशी धरलं, कुणी नाक मुरडून परत ठेवलं. हळूहळू माझी पाठ मोडली आणि माझी रवानगी बाइंडरकडे झाली, पण दुरुस्तीसाठी नव्हे. तो टाकाऊ पुस्तकांची पानं फाडायचा आणि खळ लावून दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीला आतून चिकटवायचा. माझंही तेच होणार होतं.

बाइंडर नेहमी मागून फाडायचा. एका जाडजूड कायद्याच्या पुस्तकासाठी त्याने माझं शेवटचं पान ओढलं. खळ लावताना त्याची नजर त्यावर गेली.

"ताई, ऐक हे. दोन पुरुष बेटावर हातात हात घालून बसलेत म्हणे. काय एकेक लिहितात!"

"तुला काय करायचंय? खळ वाळतेय," शेजारी पुस्तक शिवत बसलेली त्याची मोठी बहीण म्हणाली. त्याने हसत ते पान चिकटवून टाकलं.

मग त्याच्या आधीच्या पानाला हात घातला. मी अंग चोरलं. पण हात तिथेच थांबला. हे दोघे बेटावर पोचले तरी कसे, हे त्याला कळेना. तो एक पान मागे गेला, मग आणखी मागे, आणि शेवटी वैतागून त्याने मला पहिल्या पानापासून उघडलं. ताईने जेवायला हाक मारली, तो उठला नाही. नकाशेवाला तापाने फणफणला आणि कप्तान त्याच्या उशाशी बसून राहिला, तेव्हा बाइंडरने गुपचूप डोळ्यांना बाही लावली. जहाज फुटलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, शेवट तूच वाचलास ना? पोचतात की दोघं!"

"पोचत होते, ताई. ते पान मी चिकटवून टाकलंय. आता कुठे पोचणार?"

ताईने कपाळावर हात मारला. "म्हणजे आपलंच काम आपण उकलायचं?"

पण तीच ओलं फडकं घेऊन आली. ते कायद्याच्या पुस्तकाच्या पाठीवर ठेवून दोघं बसून राहिली. मला वाटलं, संपलं सगळं, ओला कागद टिकतो कुठे! ताईने श्वास रोखून नखाने एक कड उचलली. पान सुटलं. एक कोपरा तिकडेच राहिला, शाई थोडी पसरली, पण ते दोघे बेटावर होते.

वाचनालयाच्या बाई आल्या आणि नव्या पुठ्ठ्यातल्या मला पाहून चकित झाल्या. "हे तर फाडायला दिलं होतं!"

"राहू द्या, बाई," बाइंडर म्हणाला. "दोघं सुखरूप आहेत. मी स्वतः बघितलंय."

काही वाचक आधी शेवटच बघतात. त्यांचं बोट त्या फाटक्या कोपऱ्याला लागलं की माझ्या काळजात धस्स होतं. मित्रांनो, पुस्तक नाही आवडलं तर खुशाल मिटून ठेवा. पण फाडू नका. आमची माणसं एकेक पान ओलांडत घरी जातात, आणि एक पान गेलं तरी ती वाटेतच राहतात.