उजवीकडून सुरुवात

“पायाला काय बांधतोस? शेळी आहे का मी?” आजीनं पाय मागे ओढला.

खाली गुडघ्यावर बसलेला लाम्टे हसला. पाय तपासणारा हा पोरगा राजधानीतून, अक्राहून आलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आमची फान्टी भाषा बोलताना तोंडात गरम बटाटा असल्यासारखं बोलायचा.

“बांधत नाही, आजी, मोजतोय. पाय किती उचलता, कसा टेकता, ते ही डबी सांगते. मग पडायची भीती किती, ते कळतं.”

“पडले तेव्हा मला कळलंच की. डबीला कशाला विचारायचं?”

गेल्या महिन्यात ती गटारापाशी पडली होती. टोपल्यातले मक्याचे केंके, पानाच्या गुंडाळीसकट, सगळे गटारात. कुणीतरी लगेच कोबिनामामाला फोन केला आणि मामा अक्राहून धावत आला. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, की हे एल्मिना गाव सोड, केंके विकणं बंद कर, माझ्याकडे चल. शेवटी आजी वैतागून म्हणाली, “मशीन म्हणालं पडशील, तर येते.” म्हणून आम्ही दवाखान्यात. माझी शाळा सुटलेली, त्यामुळे मी कायम मोकळीच.

लाम्टेनं दोन्ही पावलांवर काड्यापेटीएवढ्या डब्या बसवल्या. “त्या टोकापर्यंत जा आणि परत या. घरी चालता तशाच चाला.”

व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर पेशंट. आजी उठली, अंगावरचं कापड सारखं केलं आणि सरळ न जाता आडवी उजव्या बाकाकडे गेली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे उजव्या टोकाच्या म्हाताऱ्यापासून सुरुवात. हात दिला, “बरं आहे ना?” मग त्याच्या शेजारची. मग एक बाई, तिच्या मांडीवरचं पोर. पोराचाही हात हातात घेतला. तिकडचं टोक गाठायला एवढा वेळ लागला की मामानं दोनदा घड्याळ बघितलं. परत येताना तेच, दुसऱ्या बाजूनं.

लाम्टेच्या हातातल्या स्क्रीनवर लाल लाल रेघा. लाम्टेचा चेहरा पडला.

“वारंवार थांबतात. वळताना पावलं लहान पडतात. हे चांगलं लक्षण नाही.”

“बघ,” मामा म्हणाला. “मी सांगत नव्हतो?”

माझं डोकं फिरलं. “तुझे डोळे कुठं होते रे? ती थांबत नव्हती, लोकांना विचारत होती!”

“आराबा, हळू बोल.”

“का हळू? तू अक्रात जाऊन विसरलास म्हणून सगळ्यांनी विसरायचं? बसलेल्या माणसांसमोरून तोंड फिरवून जायला ती काय चोर आहे?”

बाकावरचा म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, “बरोब्बर बोलली पोरगी!”

लाम्टेनं कपाळावर हात मारला. “माझी चूक, आजी. इथं घ्यायलाच नको होतं.” तो आम्हाला मागच्या रिकाम्या व्हरांड्यात घेऊन गेला. तिथं फक्त एक कोंबडी होती. आजीनं तिच्याकडेही बघितलं, पण थांबली नाही.

या वेळी रेघा सरळ आल्या. मी मामाकडे बघून दात काढले.

लाम्टे मात्र हसला नाही. त्यानं रेघा परत बघितल्या. “थांबण्याचं काही नाही, ते गेलं. पण डावा पाय... चवडा पुरेसा उठत नाही. जमिनीला घासतो. आजी, खोटं बोलणार नाही. तुम्ही परत पडू शकता.”

माझे दात आत गेले.

मामा ओरडला नाही, हेच वाईट. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “आई, चल ना. लिफ्ट आहे. गुळगुळीत फरशी आहे. कुठं गटार नाही.”

“तुझ्या शेजारी कोण राहतं?”

“असतील कुणीतरी.”

“नाव?”

“आई, तिथं लोक कामाला जातात. दारं बंद असतात.”

“मग मी पडले तर कुणाच्या दारात पडू?” आजीनं पायावरच्या डब्या स्वतःच सोडल्या. “इथं पडले तेव्हा माझा हात जमिनीला लागायच्या आत तिघं धावले. त्यांना मी रोज विचारते. तुझ्या फरशीला काय विचारू?”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. आता परत घेते. आईचा आहे, घेता येतो.”

लाम्टेनं पायाचे व्यायाम शिकवले, ते तिनं नीट शिकून घेतले. काठी मात्र घेतली नाही. “एका हातानं टोपलं धरते. दुसऱ्यात काठी घेतली तर माणसाला हात कुठला देऊ?”

“आजी, सांभाळा,” लाम्टे म्हणाला. त्यानंच आधी हात पुढे केला.

मामानं टॅक्सी थांबवली होती. आजी टॅक्सीच्या बाजूनं चालत निघून गेली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फळी हलते. तिथं तिचा डावा चवडा अडकला आणि ती झुकली. मी हात पुढे केला, तर तिनं चापट मारून तो बाजूला केला. “मी काय आजारी आहे?”

आणि उजवीकडे वळून जाळं विणत बसलेल्या आतोबांना म्हणाली, “बरं आहे ना?”

आतोबांनी जाळं मांडीवर ठेवून हात दिला. आजीनं तो धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. आतोबांनी एक पाय भिंतीला रोवला. तिचा श्वास जागेवर आला तशी ती पुढे निघाली, मिरची वाटणाऱ्या बाईकडे. त्या बाईनं हात नेसूच्या कापडाला पुसून आधीच पुढे केला होता.

गल्ली संपेपर्यंत ती तशीच गेली, एका हातातून दुसऱ्या हातात. मी मागून चालत होते, माझे दोन्ही हात पाठीमागे धरून.